मामाच्या डब्यातली टकटक

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवर मी येतो तो हसायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला बंद लिफ्टमध्ये म्हातारा भेटतो... आणि खाली "भाऊ, चष्म्याचा नंबर चेक कर" लिहिणारा मी असतो. आज माझ्यावरच लिहायची पाळी आलीय. हसा बिनधास्त, माझी तक्रार नाही.

आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. आणि माझा मामा तर या बाबतीत सगळ्यात कडक. "देवाला घरात जागा दिली नाही, भुताला कुठून देऊ?" असं म्हणायचा. अनुभव त्याच मामाच्या बाबतीतला आहे, त्यामुळे टाइप करताना मला जरा लाजच वाटतेय.

मामाचं ठाण्याला नौपाड्यात रिपेरिंगचं छोटं दुकान होतं. रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर, काय म्हणाल ते. राहायला कल्याण पूर्वेला. भीमजयंतीच्या दिवसांत तिथल्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. पण ढोलकी आणि बेंजोपुढे बिचारी गिटार ऐकूच जायची नाही. मग या माणसाने काय करावं... अ‍ॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात स्वतः सर्किट जोडून पेडल बनवलं. म्हणजे गिटारची वायर त्या डब्यात, डब्यातली ॲम्पला. झाकणावरचं बटण पायाने दाबलं की आवाज एकदम जाड, खरखरीत, भरदार. तसा आवाज मी दुसऱ्या कुठल्याही पेडलमधून ऐकलेला नाही, आणि मी बरीच महागडी पेडलं वाजवलीत.

मामा दहावी नापास. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, ठाण्यात नोकरी. पण ज्या बिघाडासाठी मी मीटर घेऊन अर्धा दिवस झटायचो, तो हा पाच मिनिटांत पकडायचा. हत्यार काय, तर खराट्याची काडी. मशीन चालू ठेवायचं आणि आतल्या पार्टवर काडीने टकटक करत स्पीकर ऐकायचा. आधी आजूबाजूच्या दोन चांगल्या पार्टवर एकेक टक. मग थांबायचा. मग तिसरी टक, ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर. "दोन चांगल्यांचा आवाज कानात बसव, मग खोटा आपोआप कळतो." असले कान मी परत बघितले नाहीत, खरंच सांगतो.

गेल्या वर्षी मामा गेला. पहिल्या स्मृतिदिनाला, रविवारी, विहारात त्याच्याच पार्टीचा कार्यक्रम ठरला. मामीने मला फोन केला. "मिलिंदा, त्यांच्या जागी तू बस. पण त्यांच्या डब्यातूनच वाजव. मला एकदा तो आवाज ऐकायचाय रे." एवढंच मागितलं बाईने, वर्षभरात पहिल्यांदा.

आणि मी शहाणा... म्हटलं, डबा जुना झालाय, जरा सुधारू. आतला एक कपॅसिटर सुकलेला वाटला. नेटवर तसल्याच पेडलचं ड्रॉइंग मिळालं, त्यात बघून नवा कपॅसिटर टाकला. आवाज आधी घशात अडकल्यासारखा झाला, मग साफ गुल.

तीन संध्याकाळी मी डोकं फोडलं. डोंबिवलीचा माझा मित्र शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून दीड तास काढून आला, तेच ड्रॉइंग समोर ठेवून एकेक जोड तपासला आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे यार." बरोबर आहे तर वाजत का नाही? रविवार तोंडावर आलेला.

शनिवारी सकाळी अकराला मी डबा घेऊन कल्याणला गेलो आणि मामाच्या कामाच्या टेबलापाशी बसलो. मामीला सांगायची हिंमत होत नव्हती. "जरा चेक करतो," एवढंच म्हटलं. ती आत भाकऱ्या थापत होती. सोल्डरिंग करायचं म्हणून मी डब्यातली बॅटरी काढून बाजूला ठेवली. गिटार बॅगेत. फक्त ॲम्प चालू आणि डब्यातून त्याला गेलेली वायर. मी एकेका पार्टवरून हवेतच बोट फिरवत विचार करत होतो.

टक.

स्पीकरमधून. मी बोट होतं तिथेच ठेवलं. परत एक टक. मग शांत. बोट पुढच्या पार्टवर नेलं... टक, टक, आणि शांत.  मग बोट मी टाकलेल्या नव्या कपॅसिटरवर आलं. टक, टक... जरा थांबून तिसरी. ती वेगळी होती. फुटक्या माठावर वाजवल्यासारखी.

मामी पिठाच्या हातांनी दारात उभी. "काडी कुठे मिळाली तुला?"

"कुठली काडी?"

"खराट्याची. वाजवत होतास ना आता, ह्यांच्यासारखं."

मी दोन्ही हात वर करून दाखवले. तिने टेबलाकडे पाहिलं, कडेला पडलेल्या बॅटरीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली. मामा घरी काम आणायचा, तीस वर्षं तिने ती टकटक ऐकलेली. तिला कोण फसवणार?

"मामी, मी डबा बिघडवलाय."

"ते कळलं मला. आल्यापासून चहा मागितला नाहीस." मग हळूच, "येईल ना रे आवाज?"

मी कपॅसिटरकडे नीट पाहिलं. मामाच्या डब्यात बॅटरीचा प्लस डब्याच्या पत्र्याला जोडलेला आहे. नेटवरच्या ड्रॉइंगमध्ये पत्र्याला मायनस. कपॅसिटरलाही प्लस-मायनस टोकं असतात, म्हणजे तो उलटा बसायला हवा होता, आणि आम्ही दोघं इंजिनियर तीन दिवस ड्रॉइंगशी ताडून त्याला बरोबर म्हणत होतो. त्या दहावी नापास माणसासमोर मला खरंच हात जोडावेसे वाटले. काढला, दुसरा उलटा करून टाकला, बॅटरी लावली, गिटार जोडली. पहिल्याच सुराला मामीने पिठाचा हात तोंडावर ठेवला.

रविवारी वाजवलं. पहिल्या गाण्यात डबा दाबल्यावर ढोलकीवाले काका ठेका न सोडता मागे वळून बघत राहिले. मामी पुढच्या रांगेत मोबाईल धरून बसलेली.

आता तुमचे प्रश्न. फ्रिज? त्या वेळी बंद-चालू झाला नव्हता. शेजारचं ड्रिल? मोबाईलचा सिग्नल? नंतर एकदा मी बॅटरी काढून, तोच ॲम्प, तीच वायर लावून त्या टेबलापाशी दोन तास बसलो. काही नाही. बॅटरी नसलेल्या सर्किटमधून तो आवाज कसा आला आणि तिसरी टक नेमकी माझ्या चुकीवर का पडली, मला सांगता येत नाही. मामीला विचारलं तर म्हणाली, "मी ऐकलं, तू ऐकलंस. बास झालं."

रविवारचं रेकॉर्डिंग ती रोज भाकऱ्या करताना लावते. परवा तिचा मोबाईल हातात आला तेव्हा दिसलं, ते तिने मामाच्या नावाने सेव्ह केलंय. वाजवणारा मी आहे, चुकासुद्धा सगळ्या माझ्याच आहेत. मी नाव बदललं नाही.