पॉइंट आठ डिग्री

त्या इस्पितळाच्या तळघरात ताईंची बावीस वर्षं गेली. वर डॉक्टर, पेशंट आणि नातेवाइकांची धावपळ. खाली तीन चिलर, सहा पंप आणि ताई. सगळ्या इमारतीला गार पाणी पुरवणारी ती अवाढव्य यंत्रं दिवसभर घरघरत असत, त्यामुळे ताईंना मोठ्यानं बोलायची सवय जडली होती. घरी त्या नुसतं "मीठ द्या" म्हणाल्या तरी सासूबाई दचकायच्या. "अगं, मी इथेच बसलेय, पलीकडच्या इमारतीत नाही," असं त्या माउलीनं किती वेळा सांगितलं असेल!

ताईंचं काम सांगायला सोपं. कॉम्प्युटरवर बीएमएस, म्हणजे इमारतीतल्या यंत्रांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, उघडायचा आणि दर तासाला प्रत्येक चिलरचे आकडे तपासायचे. पाणी आत येताना किती डिग्री होतं, गार होऊन किती डिग्रीवर बाहेर गेलं, किती वाहिलं. यावरून यंत्र किती टन थंडावा देतंय ते स्क्रीनवर दिसतं. ताई एवढ्यावर थांबतील तर शपथ! वहीत तो सगळा हिशेब त्या पुन्हा हातानं करून बघत. इंजिनियर साहेब हसायचे, पण ताईंच्या रिपोर्टवर डोळे झाकून सही करायचे.

तर गेले सहा महिने दोन नंबरचा चिलर पाचशे टनांऐवजी चारशेवीस दाखवत होता. आणि हे नेमकं मिस्त्रीकाकांनी वार्षिक सफाईत त्याच्या नळ्या घासल्यापासून सुरू झालं होतं. नळ्यांत गाळ राहिला की थंडावा घटतो, म्हणून बोट काकांकडेच गेलं. काका साठी ओलांडलेले, उभा जन्म चिलरच्या नळ्या घासण्यात गेलेला. साहेबांनी दोनदा विचारलं, काकांनी दोनदा यंत्र उघडून पुन्हा घासलं. आकडा ढिम्म हलला नाही. शेवटी साहेबांनी ठरवलं, महिनाअखेरीस काकांना निरोप द्यायचा.  काका डबा एकटेच खायला लागले.

ताईंना मात्र हे काही केल्या पटेना. ऐंशी टन थंडावा गायब होतो आणि वर एकालाही उकडत नाही? एरवी वॉर्डातला पंखा जरा कमी फिरला तरी फोन खणखणतो! मंगळवारी सकाळी त्यांनी कॅन्टीनमधून बादलीभर बर्फ आणला, फोडून चुरा केला, थोडं पाणी ओतलं आणि दोन नंबरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपातला तापमान मोजणारा सेन्सर काढून त्यात बुडवला. वितळत्या बर्फात त्यानं शून्य दाखवायला हवं. स्क्रीनवर आलं पॉइंट आठ.

"सापडलास लबाडा!" ताई ओरडल्या. काका सुटले, असंच त्यांना वाटलं. साहेबांना फोन लावला, आणि ते येईपर्यंत त्यांनी सेन्सरची सेटिंग उघडली. सेन्सरच्या आकड्यात काही मिळवायचं असेल तर ते तिथे भरतात. तिथे लिहिलेलं होतं, अधिक पॉइंट आठ. शेजारी चार वर्षांपूर्वीची तारीख आणि भरणाऱ्याचं लॉगिन. ते ताईंचं होतं.

मग सगळं आठवलं. जुना सेन्सर पॉइंट आठ कमी दाखवायचा, म्हणून त्यांनीच ती भर घातली होती. सफाईच्याच आठवड्यात तो सेन्सर बदलला. नवा बिचारा अगदी बरोबर दाखवत होता, पण ताईंची भर त्याच्याही आकड्यात पडत राहिली. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात फरक असतो तो जेमतेम पाच डिग्रींचा. त्यातून पॉइंट आठ गेले की उरले चार पॉइंट दोन, आणि पाचशे टनांचे झाले चारशेवीस! सहा महिने त्या वहीत चुकीच्याच आकड्यांचा बिनचूक गुणाकार करत होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी स्क्रीन बघितली आणि आवाज खाली आणला. "ताई, काढून टाका ती भर. उद्यापासून आकडा बरोबर येईल. पुढच्या महिन्यात तुम्हाला सुपरवायझर करायचं ठरायचंय, उगाच कशाला?"

"आणि सहा महिन्यांचे रिपोर्ट?"

"ते आता कोण बघतंय?"

"त्यात काकांचं नाव आहे, साहेब."

ताईंनी दुपारभर बसून सगळे आकडे नव्यानं काढले. प्रत्येक पानावर 'चूक माझी' असं लिहून खाली सही केली. साहेबांनी कागद घेतले, काकांना थांबवायचं कबूल केलं. सुपरवायझरच्या जागेबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. ताईंनीही विचारलं नाही.

काका पंपापाशी अवजारं फडक्यात गुंडाळत होते. ताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मला माफ करा, काका." ते चार शब्द सुनावतील, अशी त्यांची तयारी होती. सुनावले असते तर बरंच वाटलं असतं.

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे नळ्या स्वच्छ होत्या?"

"पहिल्या दिवसापासून."

"दोन्ही वेळा घासून झाल्यावर मी टॉर्च मारून बघितलं होतं, ताई," काका म्हणाले. "नळी आरपार लखलखीत दिसायची. मला वाटलं, आता आपले डोळेही गेले."