टहरौलीची टाकी आणि पाचवं गाव

झाशीला उतरले तेव्हा माझ्या सामानात कपड्यांपेक्षा अँटेनाच जास्त होते. टहरौलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आसपासच्या पाच गावांतले रुग्ण पडद्यावर पाहता यावेत, म्हणून बिनतारी जाळं उभारायचं होतं. उंचावर एक मुख्य यंत्र आणि गावोगावी त्याचा सिग्नल झेलणारी छोटी यंत्रं. ती कोणती घ्यायची हे ठरवायला आमच्या नाशिकच्या संस्थेनं मला पाठवलं होतं.

स्टेशनवर सुधाकरराव आले होते. यंत्रं बसवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. खंडेराव गेटजवळ त्यांच्या घरी पोहे खाल्ले.

"घरात आम्ही मराठीच बोलतो, ताई. मुलीला समजतं सगळं, पण जवाब हिंदीत देते."

तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "पापा, ताई से पूछो, चीनी कितनी?"

इलाइट चौराह्यावर वायर आणि लोखंडी पट्ट्या घेऊन टहरौलीकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी चालली होती. मधेच काळ्या खडकांच्या टेकड्या.

माझ्याकडे दोन संच होते. एक हलका, स्वस्त आणि वेगवान. दुसरा जड, धातूच्या पेटीतला, वेगानं कमी. कागदावर मी पहिलाच पसंत केला होता. टहरौलीच्या पाण्याच्या टंकीवर (टाकीवर) दोन्ही शेजारी शेजारी बसवले. दुपारी दोनच्या उन्हात पहिला बंद पडला. सावलीत आणला की सुरू, उन्हात नेला की बंद.

"हे तर आत्ताचं ऊन आहे," सुधाकरराव घाम पुसत म्हणाले. "मे महिन्यात इथं रेलिंगला हात लावता येत नाही."

पहिला संच परत खोक्यात गेला.

दुसऱ्या दिवशी जड संच घेऊन गावं पालथी घातली. चार गावांत सिग्नल चांगला मिळाला. पाचव्या गावी आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर यंत्र लावलं, तिथंही आकडे उत्तम आले. समोर मोहाची उघडी झाडं आणि त्यांच्या फांद्यांमधून दूरवर टाकी दिसत होती. मी वहीत 'योग्य' असं लिहिलं.

खाली रामकली नर्सबाईंनी गकरिया (गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड भाकऱ्या) आणि वांग्याचं भरीत वाढलं. गेल्या पावसाळ्यात साप चावलेल्या एका बाईला धरून त्या फोनच्या सिग्नलसाठी छतावर उभ्या होत्या. बाई वाचली. "पर दीदी, ऐसो रोज नईं होत," त्या म्हणाल्या. मग सहज विचारलं, "जो डब्बा उन पेड़न में से देखत है का?" (हा डबा त्या झाडांमधून बघतो का?)

"हो, झाडांमधूनच."

त्या हसल्या नाहीत. "अबै तौ पत्ता झरे हैं. जेठ में उतै कछू नईं दिखात." (आत्ता पानं गळली आहेत. जेठात तिकडचं काहीच दिसत नाही.)

मी पुन्हा छतावर गेले. पानांतलं पाणी सिग्नल शोषून घेतं, हे मी कित्येकांना शिकवलं आहे. आणि इथं झाडांना पानं नाहीत, एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं. रामकलीबाईंच्या भरवशाचा पडद्यावरचा दवाखाना पावसाळ्यातच, सापांच्याच दिवसांत, बंद पडला असता.

संध्याकाळपर्यंत आम्ही गावामागच्या टेकडीवर चढलो. तिथून टाकी आणि उपकेंद्र दोन्ही मोकळी दिसत होती. मध्ये सिग्नल पुढं पाठवणारं एक जास्तीचं यंत्र आणि सौर पॅनेल लागणार होतं. सुधाकररावांनी खडकावर खडूनं खांबाची जागा आखली. "फुली मारली, ताई. आता इथून हलायचं नाही."

परतीच्या गाडीत अहवाल लिहीत होते, तेव्हा आमच्या साहेबांचा फोन आला.

"चार गावं थेट जोडता येतात, मग पाचव्यासाठी वेगळं यंत्र कशाला? तू तर तिथं चांगला सिग्नल मोजलास."

"मोजला, सर. पण मी चैत्रातल्या एकाच दुपारचं गाव पाहिलं. तिथली नर्स ते बाराही महिने पाहते."

ते म्हणाले, "नर्सचं नाव अहवालात लिही."

मी पहिल्याच पानावर लिहिलं.