जबडा कमी उघडा

कानाच्या पुढे जबड्याचा सांधा असतो, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझ्या डोकेदुखीवर भिवंडीतल्या प्रत्येक शहाण्याचा इलाज करून झाला होता. चष्म्याचा नंबर बदलला. पित्ताच्या गोळ्या झाल्या. मावशीने अकलोलीच्या गरम कुंडात बसवलं. डोकं दुखायचं थांबलं नाही, पाय मात्र भाजले. वडप्याच्या गोदामात मी गाड्यांच्या नोंदी ठेवते. तिथला सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो." आणि आणखी दोन गाड्यांचे कागद माझ्यापुढे टाकून गेला.

शेवटी दाताच्या डॉक्टरकडे गेले, तेही दाढ काढून घ्यायला. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. तिने माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडायला सांगितलं. कट्ट आवाज झाला. दाढ ठणठणीत आहे, म्हणाली. मला वाईटच वाटलं. चांगली दाढ उपटून घ्यायची तयारी करून आलेल्या माणसाची निराशा कोणी समजून घेत नाही.

"झोपेत दात खाता. आणि दिवसा जबडा फार ताणता. गाता का?"

गाते कसली. मी बाबांशी बोलते.

बाबांनी तीस वर्षं कापड कारखान्यात लूम चालवले आणि कान तिथेच ठेवून घरी आले. कानातलं मशीन त्यांनी डब्यात जपून ठेवलंय, वापरून खराब होईल म्हणून. लूमच्या खडखडाटात कामगार आवाज काढतच नाहीत. जबडा भरपूर उघडून, ओठांनी एकेक अक्षर दाखवतात. आमच्या घरात तीच मातृभाषा. आई गेल्यापासून त्यांच्याशी असं बोलणारं तोंड एकच उरलंय, माझं.

डॉक्टरीणबाईने झोपताना दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी दिली, आणि फर्मान काढलं: सहा आठवडे मऊ खा, जांभई आवरा, जबडा कमी उघडा. मी शहाण्या पेशंटसारखी घरात खाणाखुणा करू लागले. 'दात दुखतो' अशी एक चिठ्ठी लिहिली. सांधाबिंधा कोण समजावत बसणार? बाबांनी ती चष्मा लावून वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. माझं डोकं खरंच हलकं झालं. बाबांनी मला काही विचारायचंच बंद केलंय, हे त्या आनंदात माझ्या ध्यानात आलं नाही.

दहाव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "माजं काय चुकलं हाय का? तू माज्याशी तोंडच उघडत न्हाय."

आधी मला रागच आला. दहा दिवस डोकं शांत होतं, तेही कोणाला बघवलं नाही. मग त्यांचा हात ओढून बोटं माझ्या कानापुढे टेकवली आणि तोंड उघडून मिटलं. बिघडलेला लूम ते हात लावून ओळखायचे. त्यांनी हात काढला नाही.

"किती वर्सं झाली?"

मी पाच बोटं दाखवली. आईला जाऊनही पाचच झाली होती.

"म्हंजे माज्यामुळं हाय हे."

नुसती मान हलवली असती तर त्यांनी मानलं नसतं. मी जबडा दुखेल एवढा उघडला आणि एकेक अक्षर नीट दाखवत म्हणाले, "न्हाय."