वर्ग खाली आणणाऱ्या वकीलबाई

आमच्या शाळेने चाकाच्या खुर्चीतल्या एका मुलीला पाचवीत घेतलं नाही, कारण वर्ग माडीवर. ओरोसला जिल्ह्याच्या साहेबांपुढे सुनावणी लागली. शाळेच्या समितीत आवाज माझा मोठा, म्हणून बोलायला मला धाडलं.

मुलीच्या वकीलबाई पदराने चष्मा पुसत माझं अख्खं भाषण ऐकून घेत होत्या. मग विचारलं, "खाली काय आहे?"

"हेडमास्तरांची खोली!" मी छाती काढून म्हणालो.

"त्यांना जिना चढता येतो ना?"

साहेबसुद्धा हसले. मुलीला प्रवेश मिळाला. बाईंचं नाव विचारायचं राहिलंच. हरलेला माणूस कुठे विचारतो?

सोमवारी हेडमास्तरांचं लोखंडी कपाट आम्ही वर चढवत होतो. खालून ती मुलगी ओरडली, "काकानू, जपान चढा हां!"