पिस्टनवरची कणीक

आमच्या दादाची मोटरसायकल चालू झाली की जळोचीतल्या म्हशी भिऊन थेट ताकच द्यायच्या, दुधाची भानगडच नको. हे मी जळोचीत सांगतो तेव्हा दोनच म्हशी असतात. बावड्याला पोचेपर्यंत त्यांचा गोठा होतो. थापाड्या म्हणून माझं नाव सुप्यापर्यंत गेलंय. पण यंदाच्या शर्यतीबद्दल कुणी विचारलं की माझी जीभ जड होते.

मागं एकदा बावड्याच्या माळावर जत्रेच्या शर्यतीत दादा पडला. पाय मोडला, आत सळई बसवावी लागली. तो धुळीत लोळत असताना लोकांनी मारलेल्या शिट्ट्या काही त्याच्या कानातून गेल्या नाहीत. यंदा त्याच माळावर, त्याच लोकांसमोर पहिलं यायचं, एवढंच डोक्यात. त्यासाठी त्यानं अख्खं इंजिन खोललं आणि पुण्याहून मोठा कॅम आणला. कॅम फिरताना हवेची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, खाली दाबतो; त्याचा उंचवटा मोठा असला की व्हॉल्व्ह जास्त खाली उतरतो, इंजिन जास्त हवा ओढतं, गाडी पिसाळते. पण तो व्हॉल्व्ह झटक्यात मिटवायला स्प्रिंगाही तशाच कडक लागतात. कॅम आला, स्प्रिंगा आल्या नाहीत. दुकानदार म्हणाला मंगळवारी. शर्यत रविवारी.

"जुन्याच घालतो," दादा म्हणाला.

जुन्या स्प्रिंगा मी फरशीवर उभ्या केल्या. एक दुसरीपेक्षा बुटकी. बसल्या होत्या बिचाऱ्या.

"दादा, ह्या व्हॉल्व्ह मिटवायच्या आत पिस्टन वर यील. धडकला की इंजिन जागच्या जागी आवळंल, आन तू हवेत."

"आन मग उजनीच्या धरणात जाऊन पडंन, व्हय? परवा तूच सांगत व्हतास, उसाच्या शेंड्यावर चढून इमानाला हात लावला म्हनून. तुझं काय धरायचं?"

जन्मभर फुगवून बोलल्यावर खरं बोलायला गेलं की हे असं होतं.

शेवटी ठरलं, मोजूनच बघू. पिस्टनच्या डोक्यावर माती थापायची, इंजिन हातानं फिरवायचं आणि व्हॉल्व्ह त्या मातीत किती रुततो ते बघायचं, अशी रीत. आमच्याकडं मातीऐवजी वहिनीची कणीक.

"भावजी, इंजिनाला चपात्या करताय का?" गोळा देताना वहिनी म्हणाली.

"व्हय. तूप जरा जास्त लावा."

हसत हसत तीही बघायला उभी राहिली. कणकेला तेल लावलं, पिस्टनवर थापली, वर इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, आवळलं, पान्यानं इंजिन सावकाश फिरवलं. मग हेड काढून ब्लेडनं कणीक मधोमध कापली. व्हॉल्व्ह टेकला होता तिथं इतकी पातळ उरली होती, की खालची पिस्टनची चकाकी दिसत होती.

वहिनीचं हसू गेलं. "हातानं फिरवून एवढं? मग पळताना?"

"लागंल," मी म्हणालो. पुढं शेपूट जोडावं असं काही सुचलंच नाही.

"कणीक सैल मळली हाय," दादा म्हणाला.

"माझी कणीक सैल नसती," एवढं म्हणून वहिनी आत गेली.

कणकेचा तो कापलेला चिमटीएवढा तुकडा दादानं तळहातावर घेऊन उजेडात धरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "जुना कॅम दे."

रविवारी तो शेवटचा आला. दुसरा-तिसरा म्हणून खपवला असता, पण न्हाय, शेवटचाच. शिट्ट्या पुन्हा झाल्या. गाडीवरून उतरला तो लंगडतच, पण आपल्या पायांनी. घरी येताना वाटेत पुढं उसाची एक ट्रॉली रेंगाळत चालली होती. हा पठ्ठ्या तिला ओलांडूनही गेला नाही. तिच्या मागंमागंच बारामतीपर्यंत आला.

मंगळवारी स्प्रिंगा आल्या. चांगल्या कडक, नव्या. पण स्प्रिंगा कितीही कडक असल्या तरी मोठ्या कॅमला कणकेतली ती पातळ जागा पातळच राहणार, हे त्यालाही माहीत आहे. काल बघतो तर मोठा कॅम पुन्हा पुसून ठेवलेला, हेड खोललेलं.

"थोडी कणीक दे गं," त्यानं आत हाक मारली.

"पीठ संपलंय," वहिनी म्हणाली.

सकाळीच चक्कीवरून दळण आणून डबा मीच काठोकाठ भरला होता. दादानं माझ्याकडं बघितलं.

"संपलंय," मी म्हणालो.