फळा पुसायला पिंपळनेरपलीकडे

जळगावच्या बसस्थानकातून सकाळची धुळे गाडी हलली आणि विजयचा फोन आला.

"फडकं घेतलंस का?"

"घेतलं."

"कोरं आहे ना? अक्का तपासतील हं." तो हसला. मला हसू आले नाही.

विजय माझा नवरा. चार वर्षांपूर्वी विजेच्या खांबावर काम करताना तो खाली पडला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे. आणि मी माझ्या गावच्या चर्चमधला फळा पुसायला निघाले होते.

हे जरा सांगायला हवे. मी साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्याही पलीकडच्या एका लहान गावात वाढले. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, ती तिथल्या मंडळीमुळे (चर्चच्या लोकांमुळे) आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या अक्कांमुळे. आज मी जळगावात पहिलीच्या वर्गाला शिकवते, हे त्यांचे देणे आहे.

त्या मंडळीची एक रीत आहे. वेदीच्या डाव्या हाताला वसतिगृहातला जुना फळा टांगलेला असतो. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे नाव आणि मागणे त्यावर खडूने लिहितात, आणि दर शुक्रवारी सगळे उपास धरतात. मागणे पुरे झाले की त्या घरच्या माणसाने यायचे, साक्ष द्यायची (देवाने काय केले ते सर्वांसमोर सांगायचे) आणि कोऱ्या फडक्याने आपली ओळ स्वतःच्या हाताने पुसायची. आजारी माणूस वारला तरी घरचेच येऊन पुसतात, आणि तेव्हाही उपकाराचेच गाणे म्हणतात. लहानपणी हे मला कळत नसे. अजूनही नीट कळत नाही.

नाताळात मी अक्कांना एक फोटो पाठवला होता. जळगावच्या चर्चच्या फाटकाशी विजय उभा, नव्या शर्टात. पाच मिनिटांत अक्कांचा फोन आला. मागे टाळ्या ऐकू येत होत्या. "सुनी, बठ्ठं (सगळं) गाव नाचतंय! फडकं घेऊन ये."

फोटो खोटा नव्हता. विजय खरेच उभा होता, मी एकापासून वीस म्हणेपर्यंत. उजव्या हाताने त्याने फाटकाचा गज धरला होता आणि डाव्या बाजूने माझ्या भावाने त्याला पेलले होते. भाऊ आणि त्याच्या मागची खुर्ची मी फोटोतून कापून टाकली. विजयचा डावा कोपर त्यात तुटल्यासारखा दिसतो, पण आनंदात कोपर कोण बघतो? फोनवर खरे सांगायला मी तोंड उघडले होते. टाळ्या ऐकून मिटले.

एरंडोल गेले, पारोळा आले. दोन्ही बाजूंना उशिरा वेचणीची कपाशी अजून पांढरी होती. मी खिडकीला डोके टेकून साक्षीची वाक्ये जुळवत होते. 'प्रभूने माझ्या पतीला उभे केले.' हे खोटे आहे का? वीस अंकांपुरते तर उभे केलेच. मग खरे आहे का? शाळेत एखाद्या मुलाने असे उत्तर दिले असते तर मी त्याला किती गुण दिले असते, तेही ठरेना.

धुळ्याला बस स्थानकात शिरली. समोरच्या खानावळीत शेवभाजी मागवली. ती इतकी झणझणीत होती की डोळे पुसेपर्यंत पिंपळनेरची गाडी निघून गेली. मालक म्हणाले, "ताई, शेवभाजी खाऊन कोणी घाई करतं का? पाणी प्या, साक्रीची लागेल आता." ती लागली, पण तासाने.

साक्रीच्या आधीपासून डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागतात. एकाच डोंगरावर, एकाच वाऱ्यात काही फिरत होत्या आणि काही गप्प उभ्या होत्या. शेजारच्या आजोबांना विचारले, "आबा, त्या का फिरत नाहीत?" ते म्हणाले, "ज्यानी लावी त्याले इचार माय." (ज्याने लावली त्याला विचार.) उत्तर बरोबर होते, पण उपयोगाचे नव्हते.

साक्रीहून पुढे काळीपिवळी जीप. माझ्याशेजारी मांडीवर पिशवी घेतलेली एक बाई दाटीवाटीने बसली.

"कथा जाई राहिनी व माय?" (कुठे चाललीस ग बाई?) तिने विचारले. मी गावाचे नाव सांगितले, तशी ती वळून माझ्याकडे बघू लागली. "म्हणजे चर्चमा साक्ष देवाले येवाव शे ती तूच?" (म्हणजे चर्चमध्ये साक्ष द्यायला येणार आहे ती तूच?)

तिचे नाव जिजाबाई. ती आमच्या मंडळीतली नव्हती, शेजारच्या पाड्यावरची होती. तिचा नवरा दहा महिन्यांपूर्वी मोहाच्या झाडावरून पडला होता आणि तेव्हापासून खाटेवर होता. अक्कांच्या फोनवर तिने विजयचा फोटो पाहिला होता.

"तुना घरवाला उभा राहिना. मना बी राही ना?" (तुझा नवरा उभा राहिला. माझाही राहील ना?) "सकाय तू सांगशी ते आयकीसन मी ठरावसू. त्याले बी चर्चमा लई इसू." (उद्या तू सांगशील ते ऐकून मी ठरवीन. त्यालाही चर्चमध्ये घेऊन येईन.)

जीप घाटाला लागली. तिने माझा हात धरून ठेवला होता, आणि तो सोडवून घ्यायचे मला धाडस झाले नाही.

अक्का वसतिगृहाच्या दारातच उभ्या होत्या. आता सत्तरी उलटली तरी पाठ तशीच ताठ. "वाळलीस," त्या म्हणाल्या, "शिक्षिका झालीस पण जेवायला शिकली नाहीस." जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा होता. त्यांनी फडके उजेडात धरून पाहिले, घडी करून बायबलवर ठेवले. दोनदा खरे माझ्या ओठांवर आले. दोनदा त्यांनी भाकरी वाढली.

सकाळी उपासनेला चर्च भरले होते. जिजाबाई शेवटी, दाराला टेकून बसली होती. बाहेर चप्पल, आत ती, म्हणजे उठून जाता येईल अशी. पाळकांनी (धर्मगुरूंनी) माझे नाव घेतले आणि मी फळ्याकडे गेले.

चार वर्षांनी मी तो जवळून पाहत होते. ओळ अशी होती: 'सुनंदाचा विजय – उभा राहो.' पण अक्षरे ओळखू येईनात. खडू उडाला की रविवारच्या शाळेतली मुले त्यावरून गिरवत आली होती. एका मुलाने वेलांटी मोठी केलेली, दुसऱ्याने काना लांबवलेला. 'उभा' तर इतका जाडा झाला होता की शेजारची ओळ त्याला जागा देऊन खाली सरकली होती. मी रोज मुलांकडून अक्षरे गिरवून घेते. असा थर चढायला किती हात लागतात, ते मला ठाऊक आहे.

मी फडके वर उचलले आणि हात तिथेच राहिला.

"विजय उभा नाही," मी म्हणाले. "तो खुर्चीत आहे. फोटो मी कापला."

मग बायकांमधून आवाज आला, "मंग आम्ही इतला उपास काब्र धरात?" (मग आम्ही एवढे उपास कशाला धरले?) आणि पुरुषांच्या बाजूने एक आबा म्हणाले, "तू उपासले बी चोरीन भाकर खास, तू नको बोलू." (तू उपासालाही चोरून भाकरी खातेस.) काहीजण हसले, काही नाही. पाळकांनी खाली बघितले. मी विचारले, "चार वर्षं झाली. अजून लिहून ठेवायचं की पुसायचं, मला खरंच कळत नाही. तुम्ही सांगा."

अक्का उठल्या, माझ्या हातातले फडके घेतले आणि खडू दिला. "रेघ सोडू नकोस," एवढेच म्हणाल्या, मी पहिलीत असताना म्हणायच्या तसेच. मी गिरवले. माझी अक्षरे मुलांपेक्षा वेडीवाकडी आली. गाणे कोणते म्हणायचे ते पाळकांना सुचेना, कारण न पुसण्याचे गाणे नव्हतेच. शेवटी उपकाराचेच म्हटले.

बाहेर जिजाबाई माझी वाट पाहत होती. मला वाटले, शिव्या देईल.

"मंग तो उभा नई राहिना."

"नाही, ताई. माफ करा."

"त्या फोटूमा खुर्ची व्हती?"

"होती. मी कापली."

"दखाड." (दाखव.)

मी फोनमधला मूळ फोटो काढला. भाऊ, विजय, मागे खुर्ची. तिने विजयकडे पाहिलेही नाही. बोटाने खुर्ची मोठी करून बघत राहिली. "हाई कथी भेटस?" (ही कुठे मिळते?) "तो बसीसन बाहेर येई शकस का? आंगनमा?"

"अंगणात काय, तो बाजारात जातो."

"दहा महिनाथून त्यानी आभाय नई दखं," ती म्हणाली. दहा महिन्यांत त्याने आभाळ पाहिलेले नाही.

मी चार वर्षे जे मागत होते ते तिला देण्यासारखे माझ्याकडे नव्हते. जे लपवले, तेच तिने मागितले.

परतताना अक्कांनी त्याच फडक्यात नागलीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. "कोरं आहे, वाया कशाला घालवायचं," म्हणाल्या. रागावल्या होत्या का, मला चेहऱ्यावरून कळले नाही. जीप सुटताना मात्र खिडकीशी येऊन म्हणाल्या, "पुढचा फोटो पुरा पाठव."

घरी पोचले तेव्हा विजय दारातच होता. "पुसलंस?"

"नाही. भाकरी आहे त्यात."

मी सगळे सांगितले. फोटो का कापला हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "मागच्या पत्र्याखाली आपली पहिली खुर्ची आहे ना? रुंद होती म्हणून या दारातून जात नव्हती ती. खेड्यातल्या अंगणाला दाराची काय अडचण?"

दुसऱ्या दिवशी त्याने ती बाहेर काढायला लावली, चाकांना तेल दिले आणि भाकऱ्यांचे फडके झटकून चार वर्षांची धूळ पुसायला घेतली. मी पायरीवर बसून बघत होते. फळ्यावर अजून 'उभा राहो' लिहिले आहे, मीच गिरवून आले आहे, आणि गावाकडे चालली आहे ती बसायची खुर्ची. याला उत्तर म्हणायचे का, हे मला अजून कळलेले नाही. विश्वास वाढला, की फक्त न कळण्याची सवय झाली, तेही नाही.

"अगं, बघत काय बसलीस?" विजय म्हणाला. "फडकं काळं झालं. दुसरं आण."