तुला मागे मोकळं वाटेल

विमानाच्या दारात मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी सोडायला लागलो.

मुंबईचा विमानतळ. जिन्याची वरची पायरी. मागे माणसं खोळंबलेली. दारात हवाई सुंदरी हात जोडून उभी होती आणि तिच्या पायाशी निळा गालिचा सुरू होत होता. मी एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी ओढली तेव्हा ती म्हणाली, "सर, प्लीज, इट्स ऑल राइट." ती कशाबद्दल बोलते आहे ते मला कळलंच नाही. मी दुसराही काढला.

आमचे साहेब माझ्या पुढे होते. ते वळले. त्यांनी माझे मोजे पाहिले. उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी बायकोनं रफू केलं होतं, काळ्या मोज्यावर निळा दोरा. साहेब हसले आणि त्या बाईला म्हणाले, "रहने दो. इसको आदत है."

मागचेही दोघंतिघं हसले. मी पण हसलो. हे लिहिताना आजही कान गरम होतात. माझ्यावर हसणाऱ्यांबरोबर मीही हसलो.

आदत कसली, ते सांगतो.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. आमच्या वस्तीतला पहिला डिप्लोमावाला. कारखान्यात साहेबांची केबिन होती, थंडगार, आत मरून रंगाचा गालिचा. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं. आम्हाला साहेबांनी बोलावलं की त्या पायपुसण्यापाशी बूट काढायचे आणि मोज्यांवर आत जायचं. फिटर, हेल्पर, सुपरवायझर, सगळे. कारण सांगितलं जायचं की शॉपमधलं, म्हणजे मशीन चालतात तिथलं, तेल गालिच्याला लागतं. कारण खरं वाटण्यासारखं होतं. तेल होतंच बुटांना.

पण आमचे प्रॉडक्शन मॅनेजरही दिवसभर आमच्याबरोबर त्याच शॉपमध्ये फिरायचे. त्याच तेलातून. ते बूट घालून आत जायचे. साहेब त्यांना म्हणायचे, "या, बसा." मला म्हणायचे, "हं, बोल." मॅनेजर साहेबांच्या नात्यागोत्यातले नव्हते, पण जातीतले होते. हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. पाहिलं आणि गिळलं. नोकरी नवी होती, घरात खाणारी तोंडं होती, आणि बूट काढायला असा काय वेळ लागतो, असं मी स्वतःला समजावलं. सात वर्षं समजावत राहिलो. मग समजावायची गरज उरली नाही. गालिचा दिसला की हात आपोआप नाडीकडे जायचा.

आता विमानाचं. दिल्लीजवळच्या एका गिऱ्हाइकाकडे आमची मशीन बंद पडली होती. ती मीच तिथं बसवून दिली होती, म्हणून साहेबांबरोबर मला जायचं होतं. रेल्वेचं रिझर्वेशन मिळेना. विमानात मागच्या वर्गाची तिकिटं संपलेली. एजंटाला पुढच्या वर्गाची दोनच मिळाली, शेजारशेजारची. नाइलाज म्हणून एक माझ्या वाट्याला आलं.

मुंबईला जाताना गाडीत साहेबांनी मला त्या तिकिटाची किंमत सांगितली. इगतपुरीला चहा पिताना सांगितली. कसारा घाट उतरताना परत सांगितली. ठाण्याच्या अलीकडे म्हणाले, "तुझा अख्ख्या महिन्याचा पगार घातलास तरी हे तिकीट येणार नाही. कळलं का?"

मी म्हणालो, "हो साहेब."

"रुंद सीट असते पुढे. पाय पसरून बसता येतं. घे, तूही अनुभव घे."

मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मान मागे वळवून मी म्हणालो, "उपकार झाले साहेब." हे मीच म्हणालो. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे बाबांनी माझे बूट पॉलिश केले होते. मी नको म्हणत होतो. म्हातारा ऐकेना. उंबऱ्यात बसून, फडक्यावर थुंकून, इतके घासले की त्यात दाराची चौकट दिसायला लागली. शेजारपाजारचे बघायला आले होते. आमच्या कॉलनीतून कुणी विमानात बसायला चाललं नव्हतं कधी. बाबा सगळ्यांना सांगत होते, "म्होरल्या वर्गात बसनार हाय त्यो. साहेबाच्या बरूबर." मग मला जवळ घेऊन हळू म्हणाले, "बूट नीट दिसू दे लोकांना. पाय आत वढून बसू नको."

बाबांना बुटांचं इतकं का, ते मला माहीत होतं. आमचं गाव चांदवडच्या बाजूला. गावात वरची आळी होती. आमच्या माणसांना त्या आळीतून जायचं तर चपला काढून हातात धराव्या लागत. बाबांनी धरल्या होत्या. एकदा नाही धरल्या, तेव्हा भर आळीत त्यांना चपलेनं मारलं होतं, त्यांच्याच चपलेनं. त्यानंतर ते आम्हाला घेऊन नाशिकला आले. कापडाच्या दुकानात हमाली केली. मला शाळेत घातलं तेव्हा पाटीच्या आधी त्यांनी बूट घेतले, आणि म्हणाले, "पायात घालायचे. हातात नाय धरायचे कधी."

एवढंच सांगितलं होतं त्यांनी मला आयुष्यात. बाकी काही मागितलं नाही.

तर मी मोज्यांवर गालिच्यावरून चालत गेलो आणि साहेबांच्या शेजारी बसलो. बूट सीटखाली ठेवले. सीट खरंच रुंद होती. दोन्ही बाजूंना हात ठेवायला जागा. पाय पसरायला जागा. मी पाय आत ओढून बसलो. त्या बाईनं गरम ओला रुमाल आणून दिला. साहेबांनी तोंड पुसलं, मान पुसली. मी तो हातात धरून बसलो. पांढराशुभ्र रुमाल. मळेल म्हणून पुसलाच नाही. ती परत घ्यायला आली तेव्हा घडी तशीच होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तिची नजर वाईट नव्हती. तिला माझी कीव आली होती, आणि ते हसण्यापेक्षा जड गेलं.

माणसं अजून चढत होती. तेवढ्यात नाशिकचेच एक द्राक्षबागाईतदार आत आले. साहेबांच्या क्लबातले. साहेब उठून उभे राहिले. "अरे वा! तुम्ही कुठं?"

"दिल्ली. मागे आहे मी, मधली सीट मिळाली बघा."

"छे छे, मागे कसले बसता. इथं बसा." आणि साहेब माझ्याकडे वळले.

बागाईतदार म्हणाले, "अहो नको, बसू द्या त्यांना."

साहेब म्हणाले, "त्याला चालतं." मग मला म्हणाले, "तू मागे जा. तुला मागे मोकळं वाटेल."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठलो होतो. तिकिटावर माझं नाव होतं. ती सीट माझी होती. हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. आलं ते एवढंच, की दोन मोठी माणसं माझ्यासाठी उभी आहेत, त्यांना थांबवायला नको. बूट घालायला, नाड्या बांधायला वेळ गेला असता. मी सीटखालून बूट ओढले, हातात घेतले आणि निघालो.

पडदा बाजूला सारून मागच्या भागात शिरलो. दोन्ही बाजूंना माणसं. लांबलचक बोळ. मी मोज्यांवर चालत होतो आणि माझ्या हातात बूट होते.

मधेच मला ते दिसलं. काय करतोय मी, ते. पाय तिथंच अडले. मागून कुणीतरी म्हणालं, "चलिए भाईसाब, आगे चलिए." मी चालायला लागलो. बूट हातातच. खाली टाकून पाय घालायचं बळ आलं नाही. सगळे बघत होते. त्या बुटांत चौकट दिसत होती म्हणून सांगितलं ना, तसे चकचकीत होते ते.

सीट मधली होती. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. शेजारचा माणूस माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "जूते काट रहे हैं क्या?"

मी म्हणालो, "हां."

खरं सांगायचं तर सगळ्यात लाजेची गोष्ट पुढची आहे. मला तिथं खरंच मोकळं वाटलं. अंग चोरून, दोघांच्या मधे दाटीवाटीनं बसल्यावर माझा श्वास सुटला. पुढच्या रुंद सीटवर मी गुदमरलो होतो. साहेब बरोबर बोलले होते. माझ्या अंगाला काय मानवतं, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. हे ध्यानात आलं आणि मी दिल्लीपर्यंत मान वर केली नाही. ढग कसे दिसतात ते मी पाहिलं नाही. खिडकी लांब होती, पण ते काही खरं कारण नव्हे.

काम झालं. परत येताना घाई नव्हती, मला रेल्वेनं पाठवलं. साहेब विमानानं गेले.

घरी कॉलनीतले जमले. मी गरम रुमालाचं सांगितलं, रुंद सीटचं सांगितलं. लोक खूष झाले. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला निघायची वेळ झाली तर बाबा उंबऱ्यात बसले होते. माझा बूट डाव्या हातात धरून उजव्या हातानं घासत होते. त्यांच्या हातात बूट बघितला आणि मला राहवेना. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दारात काढले ते, हातात धरून चाललो ते, मागे मोकळं वाटलं तेसुद्धा.

त्यांचा हात थांबला.

मग म्हणाले, "मला तं चपला धरायला लावायचे. नाय धरल्या तं मारायचे." माझ्याकडे पाहिलं. "तुला कुनी मारलं रं?"

त्यांनी दोन्ही बूट माझ्या पायांसमोर जमिनीवर ठेवले, आणि उठून आत गेले.

कारखान्याच्या गेटवरच निरोप मिळाला, साहेबांनी बोलावलंय. मी शॉपमध्ये न जाता सरळ वर गेलो. पायपुसण्याशी दोन फिटरांचे बूट होते. ते आतून नुकतेच मोज्यांवर बाहेर येत होते. मी पायपुसण्यावर बूट नीट पुसले, दोन्ही, आणि दार ढकललं. शिपाईमामा आमच्याच कॉलनीतले. घाबरून मागून म्हणाले, "आरं, बूट! पोरा, बूट!"

आत मॅनेजर खुर्चीत बसले होते. पायावर पाय टाकलेला. साहेबांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"बूट काढ बाहेर. तेल लागतं."

"आज शॉपमध्ये गेलेलो नाही साहेब. तेल नाही."

"नियम आहे."

"मग यांनाही काढायला सांगा."

मॅनेजरांनी पाय खाली घेतला. मला शूर वगैरे काही वाटत नव्हतं. गालिचा पायाखाली मऊ लागत होता, बुटातूनही कळत होतं, आणि दर क्षणाला वाटत होतं की खाली वाकावं.

साहेब शांतपणे म्हणाले, "एवढं महागडं तिकीट काढून तुला विमानात बसवलं. त्याचे हे पांग फेडतोस?"

मी म्हणालो, "त्या सीटवर तुमचे पाहुणे बसले. मी मागे बसलो."

"चालता हो इथून."

मी चालता झालो. बूट पायात होते.

नोकरी लगेच गेली नाही. आधी मला स्टोअरमध्ये टाकलं, मग पगारवाढ अडली, मग एक दिवस कामात हयगय असं लिहून घरी पाठवलं. सातपूरमध्येच एका लहान वर्कशॉपमध्ये कमी पगारावर लागलो. बायकोनं ते वर्ष कसं काढलं ते तिलाच माहीत. केबिनबाहेर बाकीचे बूट काढत राहिले. मी त्यांना नावं ठेवत नाही. सात वर्षं मीही त्या रांगेत होतो.

बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांनी विमानाचा विषय काढला नाही, आणि त्या सकाळनंतर माझ्या बुटांना हात लावला नाही. पॉलिश मी स्वतः करतो. केबिनमध्ये जे केलं त्यानं विमानात केलेलं पुसलं गेलं, असं मला कधी वाटलं नाही. ते पुसायचंही नाही मला. ते तसंच राहू दे, डोळ्यासमोर.

पुन्हा विमानात बसायची वेळ आली तर तिकिटावर जिथं लिहिलं असेल तिथं बसेन. पुढे असो, मागे असो. बूट पायात असतील. कुणी येऊन म्हणालं की तुला मागे मोकळं वाटेल, तर उठणार नाही. अंग चोरलं जाईल माझं, घाम फुटेल, गुदमरायला होईल. ती सवय इतक्यात जायची नाही, मला माहीत आहे.

अवघडून बसेन. पण बसेन.